बांध नसलेले गाव

इतिहासाच्या वर्गात 'इंग्लंडमधील कुंपणबंदी' हा भाग मी वीस-बावीस वर्षे शिकविला. फळ्यावर लिहावयाचे मुद्दे ठरलेले असत. पूर्वी इंग्लंडातील पुष्कळ खेड्यांतून खुल्या शिवाराची पद्धत होती. एकेका शेतकऱ्याची जमीन लहान लहान पट्ट्यांनी साऱ्या शिवारात विखुरलेली असे. पट्ट्यांच्या मध्ये ना कुंपण, ना बांध. त्यामुळे वेळ व श्रम वाया जात. पुढे जमिनी एकत्र करून कुंपणे घातली गेली, उत्पादन वाढले, गरिबांचे मात्र हाल झाले. मुद्दे संपत, तास संपे. एके वर्षी मागच्या बाकावरचा खानापूरकडील एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, मध्ये बांधच नव्हता, मग शेजारी शेजारी भांडत नव्हते होय? आणि भांडले तर मिटवत कोण होतं?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरे म्हणजे मला उत्तर येत नव्हते. प्रश्न मनाला लागण्याचे कारणही घरचेच होते. माझे वडील आणि चुलते यांच्यात एका बांधावरून दावा चालला, तो सतरा वर्षे. वाद होता जेमतेम दीड हात रुंदीचा. त्या दीड हातात पोतेभर ज्वारीही पिकली नसती. वडील गेले, चुलते थकले, दोन्हीकडचे वकील बदलले. बांध होता तिथेच राहिला. बांधाला मराठीत बांध म्हणा की कन्नडात बदु म्हणा, तो कोरणारा नांगर दोन्हीकडे सारखाच चालतो. जिथे बांधच नाही, नुसत्या एका तासावर हद्द ठरते, तिथे माणसे शेकडो वर्षे शेजारी कशी राहिली असतील? पुस्तके चाळता चाळता कळले की, याचे उत्तर जाऊन पाहता येईल असे एक गाव इंग्लंडमध्ये अजून शिल्लक आहे. त्याचे नाव लॅक्स्टन.

नॉटिंगहॅमशायर परगण्यात, रॉबिन हुडच्या गोष्टींमुळे आपल्याला ठाऊक झालेल्या शेरवुडच्या जंगलापासून जवळच हे गाव आहे. माझी भाची नोकरीनिमित्त तिकडे असते. २०२३ च्या ऑक्टोबरात तिच्याकडे गेलो असता एक दिवस हट्टाने तिला व जावईबापूंना घेऊन मी लॅक्स्टन गाठले. लोक लंडनचा मनोरा पाहतात, मामा नांगरट पाहायला निघाले, म्हणून दोघांनी माझी पुरेशी थट्टा केली. त्यांचे चुकले असे नाही. पाहण्यासारखे म्हणावे असे तिथे फार थोडे आहे. एक लांब रस्ता, दुतर्फा लाल विटांची, कौलारू घरे, एक जुने चर्च, 'डव्हकोट इन' नावाची खाणावळ, आणि गावाच्या उत्तरेला गवताने झाकलेला एक मोठा मातीचा उंचवटा. नॉर्मन काळातील गढीची ती जागा. एके काळी शेरवुडच्या राजवनाचा कारभार तेथून चाले. १०८६ च्या 'डूम्सडे' नोंदवहीत हे गाव आहे, गेऑफ्रे अल्सेलिन या नॉर्मन सरदाराच्या नावावर. असो. गढ्या आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

मला नवल वाटले ते घरांचे. शेतकऱ्यांची घरे, गोठे, धान्याची कोठारे सगळी त्या एका रस्त्याला लागून, गावातच. आपल्याला यात विशेष वाटणार नाही, कारण आपल्याकडे गावठाण असेच असते. पण इंग्लंडच्या बऱ्याच भागात शेतकऱ्याचे घर त्याच्या जमिनीच्या मधोमध, गावापासून दूर एकटे उभे असते. कुंपणबंदीनंतर जमीन एका जागी आली आणि घरही तिच्याकडे गेले. आपल्याकडे विहीर पाडली की माणूस मळ्यात राहायला जातो, तसेच. लॅक्स्टनमध्ये मात्र एकेकाची जमीन तिन्ही दिशांना असल्यामुळे घर कुठे न्यावे हा प्रश्नच आला नाही. सगळ्यांना सारखे सोयीचे असे एकच ठिकाण, ते म्हणजे गाव. शिवाराची रचना बदलली नाही म्हणून गावाची रचनाही बदलली नाही.

शिवारात तीन मोठी शेते आहेत: पश्चिमेचे शेत, गिरणीचे शेत आणि दक्षिणेचे शेत. (पूर्वी चौथे, पूर्वेचे एक लहान शेत होते, ते पुढे कुंपणात गेले.) तिन्ही मिळून सुमारे ४८० एकर. 'शेत' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येते ते सोडून द्यावे. यातले प्रत्येक शेत म्हणजे एक अखंड पसरलेला माळ, आणि त्यात शेजारी शेजारी अनेकांच्या पट्ट्या. प्रत्येक शेतकऱ्याच्या तिन्ही शेतांत पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये नांगराचा एक तास, एवढीच खूण.

पट्टीचा लांबट आकार कुठून आला, हे समजून घेतले की आपल्या उताऱ्यावरचे आकडेही निराळे दिसू लागतात. बैलजोड्यांचा जड नांगर चिकण मातीत एका दमात जेवढा लांब ओढला जाई तेवढे अंतर म्हणजे 'फर्लांग'. शब्दाचा मूळ अर्थच 'तासाची लांबी' असा आहे. ही लांबी २२० यार्ड धरली जाई. तिला २२ यार्ड रुंदी दिली की झाला एकर, ४,८४० चौरस यार्डांचा. ढोबळ मानाने एका दिवसाची नांगरट. पुढे हाच एकर मुंबई इलाख्याच्या मोजणीबरोबर आपल्या शिवारात आला. ३३ फुटी साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. हिशेब करून पाहा, पुन्हा ४,८४० चौरस यार्डच भरतात. ज्या नांगराला आपल्या मातीत कधी कोणी जुंपले नाही, त्याच्या दिवसभराच्या कामाच्या मापाने आपण भाऊवाटण्या करीत आलो आहोत!

तीन शेते कशासाठी, तर फेरपालटीसाठी. एका शेतात शरद ऋतूत पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेले जव किंवा तत्सम पीक, तिसरे पड. पुढच्या वर्षी चक्र एका घराने पुढे सरकते. रासायनिक खते नव्हती त्या काळी जमिनीला उसंत देण्याचा हाच मार्ग होता. पडीवर व पिके निघालेल्या रानावर गावाची गुरेमेंढरे चरत आणि चरता चरता खत घालीत. आपल्याकडे धनगरांना बोलावून रानात मेंढरे बसवितात, तोच व्यवहार. आता तिसऱ्या वर्षी निव्वळ पड ठेवण्याऐवजी गवत-चारा घेण्याची मुभा आहे. पण शेतांचा क्रम सुटलेला नाही.

या पद्धतीत शेतकऱ्याला एक मोठी मोकळीक सोडावी लागते, ती म्हणजे स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या मनाचे पीक घेण्याची. शेजारच्या पट्टीत गहू असताना माझ्या पट्टीत मी गुरे सोडली तर त्याचे पीक राहील काय? म्हणून सर्वांनी एकाच हंगामात पेरायचे, रानही एकाच वेळी मोकळे करायचे. माझ्या फळ्यावरच्या मुद्द्यांत 'श्रम व वेळ वाया' असे जे होते ते खोटे नव्हते. तिन्ही शेतांत औत घेऊन फिरायचे म्हणजे वेळ जाणारच. पण एकाची जमीन तीन जागी असली म्हणजे एका जागी पाणी साचले तरी दुसऱ्या जागी काहीतरी हाती लागते, हेही तितकेच खरे. आमच्या आजोबांनी वाटणी करताना काळी, तांबडी आणि माळाची अशा तिन्ही जातींच्या जमिनीत प्रत्येक मुलाला हिस्सा दिला होता. त्यांना मी मनातल्या मनात अडाणी म्हणत असे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. लॅक्स्टनमध्ये भांडणे मिटविते 'कोर्ट लीट'. मध्ययुगात इंग्लंडच्या जहागिरीच्या गावांतून अशी छोटी न्यायालये सर्रास होती. काळाच्या ओघात ती निरुपयोगी ठरली आणि १९७७ च्या कायद्याने त्यांचे न्यायाधिकार काढून घेण्यात आले. लॅक्स्टनचा मात्र अपवाद ठेवला गेला, कारण तेथे कोर्टाला करण्यासारखे काम अजून होते.

ते काम असे चालते. नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू पेरून झालेल्या शेतावर गावच्या शेतकऱ्यांमधूनच नेमलेली ज्युरी जाते. बारा जण, त्यांचा एक म्होरक्या. बरोबर लाकडी खुंट्या आणि ठोकायला हातोडा. ते शेतभर हिंडतात, एकेका पट्टीच्या टोकाशी थांबतात आणि हद्द पाहतात. कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या पट्टीत शिरला आहे काय, कोणी कडेच्या सार्वजनिक वाटेवर वा गवतावर औत चालविले आहे काय, चर बुजला आहे काय. जिथे शंका असेल तिथे हद्द ठरवून खुंटी ठोकतात. ज्याने आगळीक केली त्याचे नाव लिहून घेतात. यात वकील नाही, नकाशाची सहीशिक्क्याची प्रत नाही. ज्यांचे आयुष्य त्याच मातीत गेले त्यांचे डोळे आणि आठवण, एवढाच पुरावा. दुपारी सगळे मिळून खाणावळीत जेवतात. आठवड्याभराने त्याच खाणावळीत कोर्ट भरते. जमीनमालकाचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो. ज्युरीची यादी वाचली जाते, दंड ठरतो, आणि पुढच्या वर्षी ज्या शेतात गहू येणार त्याची नवी ज्युरी शपथ घेते. दंड अगदी किरकोळ असतो.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटली ती तारीख. तक्रार आली म्हणून ज्युरी जात नाही. तक्रार असो वा नसो, दर वर्षी जाते. पेरणी ताजी असते, तास स्पष्ट दिसत असतात, चूक झाली असेल तर ती एकाच हंगामाची असते. आमच्या बांधाची गोष्ट आठवते. पहिल्या वर्षी वीतभर सरकला तेव्हा कोणी बोलले नाही. दुसऱ्या वर्षी आईने वडिलांना सांगितले, वडील म्हणाले, जाऊ दे, भाऊच आहे. पाचव्या वर्षी सरळ वकिलाची नोटीस. या पाच वर्षांत बाराजणांनी एकदा जरी येऊन पाहिले असते तर! पण आपल्याकडे गावातली माणसे बांधावर येतात ती पंच म्हणून, भांडण पेटल्यानंतर.

खुल्या शिवारात नांगरटीला न येणाऱ्या जागाही असतात: ओलसर घळी, तीव्र उतार. त्यांना 'साइक' म्हणतात. तेथे केवळ गवत वाढू देतात, आणि दर उन्हाळ्यात त्या गवताचा लिलाव होतो. शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे त्यांत रानफुलांच्या अशा जाती टिकल्या आहेत की, इतर ठिकाणी त्या दुर्मीळ झाल्या आहेत. गावात दगडी भिंतींचा एक कोंडवाडाही दिसला. चुकार जनावरे पकडून त्यात घालायची आणि दंड भरल्यावर सोडायची. कोंडवाडा पाहताच भाची म्हणाली, "मामा, हे तर आपल्या गावचंच!" एवढा वेळ ती कंटाळली होती.

या गावाचा एक विलक्षण नकाशा आहे. १६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने तो काढला. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात तो जपून ठेवला आहे. त्यात प्रत्येक पट्टी दाखविली आहे, सोबतच्या वहीत ती कोणाकडे आणि किती याची नोंद आहे, शिवाय नांगरणारी, कापणी करणारी इवलीशी माणसे रंगवून काढली आहेत. नकाशा करून घेणारा गावचा तेव्हाचा मालक म्हणजे सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा धनाढ्य व्यापारी. हे नाव वाचून मी थबकलो. कारवारचा इतिहास वाचताना ते भेटले होते. त्याच १६३५ सालात कोर्टेनने राजा पहिला चार्ल्स याच्याकडून पूर्वेकडे व्यापार करण्याचा परवाना मिळविला आणि ईस्ट इंडिया कंपनीला प्रतिस्पर्धी उभी केली. कॅप्टन वेडेलच्या हाताखालची त्यांची गलबते गोव्याला आली. भटकळला आणि कारवारला त्यांनी वखारी घातल्या. कोर्टेन स्वतः १६३६ मध्येच वारला आणि तो उद्योग पुढे बुडाला. एकाच वर्षी एकाच माणसाने नॉटिंगहॅमशायरच्या एका खेड्याची पट्टी न् पट्टी मोजून घ्यावी आणि आपल्या घाटाखालच्या बंदरांकडे नजर लावावी! त्याच्या घराण्याकडून गाव गेले ते पियरपाँट घराण्याकडे. हेच पुढे अर्ल मॅनव्हर्स झाले.

मग लॅक्स्टनच का राहिले? १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली. एकेका गावासाठी स्वतंत्र कायदा होई. हेल्पस्टन गावासाठी तो १८०९ मध्ये झाला. त्या गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याने त्याचे दुःख आयुष्यभर बाळगले. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना जमीन मिळाली. ज्यांच्याकडे केवळ वहिवाट होती, एखादी गाय गावच्या माळावर चारायची, सरपण वेचायचे, त्यांच्या हातात पुष्कळदा काही उरले नाही.

लॅक्स्टन यातून सुटले ते कोणा इतिहासप्रेमी पुरुषाच्या दूरदृष्टीने नव्हे. गावात दोन मोठे जमीनदार होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो. दोघांचे जमिनीच्या अदलाबदलीवर लवकर जमले नाही. जमले तोवर शेतीला मंदी आली, आणि कुंपणे, रस्ते, नवी घरे यांचा खर्च करण्यात अर्थ राहिला नाही. म्हणजे भांडणे मिटविणारे हे गाव टिकले ते मालकांचे आपापसांत न जमल्यामुळे! १९०३ नंतरच्या काही वर्षांत अर्लने लहान लहान पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या. पूर्वी हजाराच्या वर असलेली संख्या दीडशेच्या आसपास आली. आज आपण जे पाहतो ते मध्ययुग जसेच्या तसे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते.

गावाला जपावे ही जाणीव पुढे आली. १९३८ मध्ये चार्ल्स आणि क्रिस्टाबेल ऑर्विन या दांपत्याने लॅक्स्टनचा आधार घेऊन खुल्या शिवाराच्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि गावाचे नाव विद्वानांत पसरले. १९५२ मध्ये अर्लने गाव विकले ते ब्रिटनच्या कृषिखात्याला. १९८१ मध्ये ते राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या 'क्राउन इस्टेट'कडे गेले, पद्धत चालू ठेवण्याच्या अटीवर. २०२० मध्ये पुन्हा विक्री झाली, आणि गाव आले थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांकडे. या सगळ्या उलाढालीत शेतकरी होते कूळ आणि आहेत कूळ, हे विसरून चालणार नाही. कोर्टात अध्यक्ष बसतो तो मालकाचा माणूस. आपण ज्याला ग्रामस्वराज्य म्हणतो, ते हे नव्हे.

आपल्याकडच्या खेड्याची आणि अशा गावाची तुलना नवी नाही. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या मंडळात विधिसदस्य राहिलेल्या सर हेन्री मेन यांनी १८७१ मध्ये पूर्व व पश्चिमेच्या ग्रामसंस्थांवर पुस्तक लिहून दोन्हींचे मूळ एकच असल्याचे सुचविले. १८९६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी त्याला हरकत घेतली: दख्खनच्या रयतवारी गावात प्रत्येकाची जमीन स्वतंत्र, पीक ज्याच्या त्याच्या मर्जीचे. माझे मत बेडन-पॉवेल यांच्या बाजूचे आहे. आमच्या गावात कोणी कधी काय पेरावे हे गावाने ठरविल्याचे आजोबांनीही ऐकले नव्हते. सामाईक होते ते गायरान, आणि त्याचे आज काय झाले आहे हे आपापल्या गावी जाऊन पाहावे. १९४७ मध्ये, बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात असताना, तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. एका अर्थाने ती आपली कुंपणबंदीच. पण वाटण्या होतच राहिल्या आणि बांध वाढतच गेले.

सामाईक वस्तूचा नाश ठरलेलाच, कारण प्रत्येकजण आपले एक जनावर जास्त सोडणार, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, वापरणाऱ्यांनीच नियम केले, एकमेकांवर लक्ष ठेवले आणि चुकणाऱ्याला आधी लहान शिक्षा दिली, तर सामाईक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लॅक्स्टनच्या रस्त्यावर उभे राहून मला वाटले की, हार्डिन यांनी कल्पिलेल्या कुरणावर कोंडवाडा नव्हता आणि ज्युरीही नव्हती.

संध्याकाळी परत निघालो तेव्हा बुटांना चिकण माती लागली होती. ती जावईबापूंच्या गाडीत सांडली.

गावी आल्यावर चुलत्यांच्या मुलाला हे सगळे सांगितले. दावा आता आम्हा दोघांच्या नावावर आहे. तो शेतात राबणारा, मी पगारी. बोलणे तसे बेताचेच असते. त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "ज्युरीतल्याच एकानं कोरलं तर?" मी म्हटले, त्याचीही पट्टी त्याच शेतात असते, ती बाकीचे अकरा पाहतात. "दंड किती?" किरकोळ, मी म्हटले. "मग भितोय कोण त्याला?" मी सांगितले की, पैशाचे काही नाही, पण नाव वाचतात, खाणावळीत, साऱ्या गावासमोर, आणि ज्याचे रान कोरले तोही समोरच बसलेला असतो.

तो थोडा वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, "मग ते महागच पडलं की ओ, दादा."